बॅटरी टिकवायची तर आधी वॅट मोजा

"लिनक्सवर बॅटरी टिकत नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, मशीन नुसतं उघडं असताना किती वॅट खातं? बहुतेकांना हा आकडा ठाऊक नसतो. तीन तास चालतं, चार तास चालतं, एवढंच सांगतात. पण तास ठरतात बॅटरीच्या आकारावर, वयावर, स्क्रीनच्या उजेडावर आणि त्या दिवशीच्या कामावर. त्यावरून दुखणं नेमकं कुठे आहे ते कळत नाही. वॅटवरून कळतं.

आमच्याकडे, देवरुखच्या बाजूला, जून लागला की लाईटचा भरवसा नसतो. वारा सुटला, फांदी तारेवर आली, की वायरमन पावसात लाईन धरून फॉल्ट शोधेपर्यंत वाट बघायची. मी घरूनच मुद्रितं तपासते आणि ई-पुस्तकांची जुळणी करते, त्यामुळे बॅटरीचा विषय माझ्यासाठी पोटापाण्याचा आहे. मशीन सेकंडहँड थिंकपॅड टी ४८०, त्यावर डेबियन, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात. एक आत बसवलेली, २४ वॅट-अवरची, म्हणजे २४ वॅट तासभर पुरवेल इतकी. दुसरी मागून खटका सरकवून काढता येते, आणि मशीन चालू असतानाही ती बदलता येते. आधी मागची रिकामी होते, मग आतली. लाईट नसताना ही सोय किती मोलाची ते कोकणात पावसाळा काढलेल्यालाच कळेल.

वॅट बघायला काही बसवावंही लागत नाही. 'सिस' फोल्डरात 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय', त्यात 'बॅट०' आणि माझ्यासारख्या मशीनवर 'बॅट१'. चार्जरची पिन काढा, दोन मिनिटं थांबा, आणि तिथली 'पॉवर नाऊ' ही फाईल वाचा. आकडा मायक्रोवॅटमध्ये असतो, दहा लाखांनी भागायचं. काही लॅपटॉप वॅट देत नाहीत, करंट आणि व्होल्टेज वेगवेगळे देतात, तिथे दोन्हींचा गुणाकार करायचा. शेजारीच 'एनर्जी फुल डिझाईन' आणि 'एनर्जी फुल' अशा दोन फाईली असतात. पहिलीत बॅटरी नवी असतानाची क्षमता, दुसरीत आजची. माझी आतली बॅटरी २४ वरून १९ वर आली आहे, मागची २१ वर. म्हणजे हाताशी ४० वॅट-अवर. मशीन ८ वॅट खात असेल तर पाच तास, ५ वॅट खात असेल तर आठ तास. हा तीन तासांचा फरक बॅटरी न बदलता मिळवायचा आहे.

आणि तो मिळतो प्रोसेसरला झोपू दिल्याने. त्याला सावकाश पळवल्याने फारसं काही हाती लागत नाही. रात्रीच्या एसटीत डुलकी लागली आणि कंडक्टरने दर थांब्याला हलवून जागं केलं तर झोप होत नाही, तसं प्रोसेसरचं आहे. काम नसलं की तो एकेक पायरी खोल झोपेत उतरतो, पण दर काही मिलिसेकंदांनी कुणीतरी हाक मारली तर वरच्याच पायरीवर तरंगत राहतो. पूर्वी खुद्द कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, त्याला सेकंदाला शेकडो वेळा उठवायचा, काम असो वा नसो. २००७ साली २.६.२१ या आवृत्तीत हा ठोका गरज नसताना थांबवायची सोय आली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप हा मोजमापाचा प्रोग्रॅम काढला आणि पहिल्यांदा लोकांना दिसलं की आपले साधेसुधे प्रोग्रॅम, काहीही करत नसताना, प्रोसेसरला किती वेळा उठवतात. कितीतरी प्रोग्रॅम त्यानंतर दुरुस्त झाले. मला त्या काळाचं फार कौतुक वाटतं. एक साधं मोजमाप समोर आलं आणि अनेक अनोळखी माणसं आपापला कोड सुधारायला बसली.

पॉवरटॉप आजही माझं पहिलं हत्यार आहे. सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवायचं आणि 'आयडल स्टॅट्स' या पानावर जायचं. डाव्या बाजूला 'पॅकेज'ची टक्केवारी असते. पॅकेज म्हणजे सगळे कोअर मिळून अख्खी चिप. माझ्याकडे कोअर नीट झोपत होते, पण पॅकेज मात्र सी२ आणि सी३ या उथळ झोपेच्या पायऱ्यांवर अडकलेलं, त्याखालचे सगळे आकडे शून्य. मशीन रिकामं असताना ८ वॅटच्या आसपास जात होते ते यामुळे. कारण निघालं एसडी कार्ड रीडर. तो स्वतः झोपत नव्हता म्हणून चिपलाही खाली उतरता येत नव्हतं. मला तो कधीच लागत नाही, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मांडणीत, जाऊन बंद केला. बाकीच्या आतल्या (पीसीआय) उपकरणांचं 'रनटाइम पॉवर मॅनेजमेंट', म्हणजे काम नसताना झोपवणं, बॅटरीवर असताना 'ऑटो' केलं. पॅकेज सी८ पर्यंत जाऊ लागलं आणि आकडा ५ च्या जवळ आला, मंद उजेडात.

पॉवरटॉपमध्ये 'ट्यूनेबल्स' हे पानही आहे. तिथे 'बॅड' असं लिहिलेल्या ओळी दिसतात आणि 'ऑटो ट्यून' दिलं की सगळ्या एका दमात 'गुड' होतात. मी ते वापरत नाही. त्यात यूएसबी माऊससुद्धा झोपवला जातो, दोन सेकंद हात काढला की बाण हलायचा बंद. टीएलपी हे बॅटरी वाचवायचं साधन हे काम समजून करतं, माऊस-कीबोर्डला हात लावत नाही, आणि चार्जर लागलाय की नाही ते बघून मांडणी बदलतं. डेबियनवर टीएलपी बसवून सुरू केलं की त्याच्या मूळच्या मांडणीतच बहुतेक काम होऊन जातं.

जुन्या लेखांमध्ये गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरची गती ठरवणारा नियम, बदलायचा सल्ला हमखास सापडतो. 'ऑनडिमांड' लावा, 'पॉवरसेव्ह' लावू नका, मशीन रांगायला लागेल. इंटेलच्या आजच्या ड्रायव्हरला हा सल्ला लागू नाही. तिथे 'पॉवरसेव्ह' आणि 'परफॉर्मन्स' असे दोनच पर्याय दिसतात, आणि या 'पॉवरसेव्ह'मध्ये गती गरजेप्रमाणे वरखाली होतच राहते. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासूनच्या चिपमध्ये गती ठरवायचं काम बरंचसं चिप स्वतः करते. आपण फक्त तिचा कल सांगायचा: वेगाकडे, समतोलाकडे की बचतीकडे. मी बॅटरीवर 'बॅलन्स पॉवर' ठेवते. अगदी टोकाची बचत ठेवली तर मोठी इ-पब फाईल बांधताना काम रेंगाळतं, आणि रेंगाळणाऱ्या कामापायी स्क्रीनही तेवढा जास्त वेळ जळते.

गणपतीला भाचा आला होता, त्याचा नवा लॅपटॉप घेऊन. "मावशी, विंडोजवर सहा तास चालायचा, लिनक्सवर तीनच. टीएलपी पण टाकलंय, ऑटो-सीपीयूफ्रेक पण टाकलंय." शिवाय ग्नोम या डेस्कटॉपचं स्वतःचं पॉवर प्रोफाईल होतंच. तिघेही एकाच फाईलीत आपापला कल लिहिणार, आणि शेवटी लिहील त्याचं चालणार. एकच ठेवायचं, बाकीचे काढून टाकायचे. टीएलपी आणि ग्नोमचं प्रोफाईल यांपैकी कुठलंही चांगलं आहे. पण भाच्याच्या मशीनची खरी गळती वेगळीच होती. तो दिवसभर यूट्यूबवर लेक्चर बघतो, आणि व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करत होता. 'इंटेल जीपीयू टॉप' चालवून व्हिडिओची रांग बघितली तर सपाट शून्य. योग्य मीडिया ड्रायव्हर बसवल्यावर ती हलू लागली आणि पंखा शांत झाला.

माझ्या मशीनवर याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. यूट्यूब हल्ली पुष्कळदा एव्ही१ पद्धतीचा व्हिडिओ पाठवतं, आणि माझ्या पिढीच्या चिपमध्ये एव्ही१ उलगडणारं सर्किटच नाही. इंटेलने ते टायगर लेक पिढीपासून, २०२० साली दिलं. व्हीपी९ ही जुनी पद्धत मात्र माझी चिप सहज उलगडते. म्हणून फायरफॉक्सच्या आतल्या मांडणीत एव्ही१ बंद करून टाकलं, की समोरून व्हीपी९ येतो. जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघणाऱ्यांनी एवढं एक तरी जरूर करावं.

लाईट गेली की राउटरही जातो आणि मोबाईलचं नेट घ्यावं लागतं. इथे एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. फोन यूएसबी केबलने जोडला तर तो लॅपटॉपवरून चार्ज होत राहतो. साध्या पोर्टवर ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर धरला तरी अडीच वॅट, म्हणजे माझ्या अख्ख्या मशीनच्या निम्मे! त्यापेक्षा वायफाय हॉटस्पॉट परवडतो. स्क्रीनचा उजेड कमी करणं तर आलंच. काळ्या थीमने मात्र साध्या एलसीडीवर काही वाचत नाही, कारण मागचा दिवा तेवढाच जळतो. ओएलईडी असेल तर गोष्ट वेगळी.

झाकण मिटल्यानंतरचा खर्चही मोजायला हवा. 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम स्लीप' फाईल असते, तिच्यात चालू पद्धत चौकटी कंसात दिसते. माझ्याकडे 'डीप' आहे, म्हणजे रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद. नव्या कित्येक लॅपटॉपवर ही सोयच उरलेली नाही, फक्त 'एस२आयडल' ही हलकी झोप मिळते. त्यात एखादं उपकरण जागं राहिलं तर मशीन बॅगेत तापत बसतं. भाच्याला सांगितलंय, रात्री टक्केवारी लिहून ठेव, सकाळी परत बघ, आणि फार उतरली असेल तर 'पीएमसी कोअर' या कर्नलच्या फोल्डरातला खोल झोपेचा आकडा शून्य आहे का ते तपास. प्रवासात तर सरळ बंद करावं.

राहता राहिलं बॅटरीचं आयुष्य. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि तसा भरलेला, वर उकाड्यात, चार्जरला लावून ठेवला की झपाट्याने म्हातारा होतो. आमच्याकडचा मे महिना म्हणजे नेमकं हेच. कर्नल ४.१७ पासून थिंकपॅडवर चार्जिंगची मर्यादा थेट लावता येते, बाहेरचं मॉड्यूल लागत नाही. 'ईटीसी' फोल्डरातल्या 'टीएलपी डॉट कॉन्फ' या फाईलीत दोन्ही बॅटऱ्यांना सुरुवात ७५ आणि शेवट ८० असं लिहिलंय. ८० ला चार्जिंग थांबतं आणि ७५ च्या खाली आल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

पण पावसाळ्यात ८० टक्के पुरत नाहीत, आणि तेव्हा बॅटरीच्या वयापेक्षा हातातलं काम पुरं होणं मला महत्त्वाचं वाटतं. हवामान खात्याने रत्नागिरीला ऑरेंज अलर्ट दिला की संध्याकाळीच 'टीएलपी फुलचार्ज' चालवते, आधी आतल्या बॅटरीला, मग मागच्या. मशीन पुढच्या वेळी नव्याने सुरू झालं की मर्यादा आपोआप ७५-८० वर येते.