कॅसेट नंबर १

जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा धंदा. बहुतेक कीर्तनं, बारशी, कुणाच्या आजोबांची नाट्यगीतं. त्यामुळे ऐन पावसाळ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ व्हीएचएससारखी कॅसेट घेऊन आले तेव्हा मला वाटलं, लग्नच असणार. पण कडेला लिहिलं होतं, 'एडॅट १'.

एडॅट म्हणजे एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डिंग. दोन तासांच्या कॅसेटवर जेमतेम ४० मिनिटं बसतात. आठाच्या वर ट्रॅक हवे असतील तर मशीनला मशीन जोडायचं आणि दुसरी कॅसेट लावायची.

"नंबर दोन कुठंय?"

"ती गिटारिस्टबरोबर अमेरिकेला गेली. सापडत नाहीये. गाणं आणि गिटार तिच्यावर."

बँड १९९६ चा, पुण्यातला. चौघं इंजिनिअरिंगची पोरं, स्वतःची गाणी. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, तिथे दर वर्षी जायचे, पण प्रेक्षक म्हणून. स्टेजवर एकदाही चढले नाहीत. रात्री दहानंतर स्टुडिओ निम्म्या भावात मिळायचा, तशा नऊ रात्री काढल्या. मग कुणाला व्हिसा, कुणाला नोकरी. सात महिन्यांत कारभार आटोपला. हे स्वतः ड्रमर.

कॅसेटची झडप उचलली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेची देणगी, दुसरं काय. ती पुसली, फीत पुढे-मागे दोनदा फिरवली, हेड साफ केलं. तरी मशीन दोनदा एरर दाखवून थांबलं. तिसऱ्यांदा चाललं.

किक, स्नेअर, बेस, सगळं शाबूत. ते मान हलवत ऐकत होते, पण चेहरा पडलेला. गाण्याशिवाय नुसते ड्रम म्हणजे बिनवरातीचा बँडबाजा.

सवयीने मी एकेक ट्रॅक वेगळा ऐकत गेलो. सातवा आणि आठवा ओव्हरहेड, म्हणजे झांजांवर टांगलेले माईक. तिथे झांजांच्या मागे कुणीतरी गात होतं. लांबून, बाथरूममधून आल्यासारखं. ड्रम वाजवताना जागा चुकू नये म्हणून गायक त्याच खोलीत उभा राहून कच्चं गात होता, आणि ते या माईकमध्ये शिरलं होतं. आम्ही याला लीकेज म्हणतो. ते होऊ नये म्हणून रजया टांगतो, पार्टिशन लावतो. यांच्याकडे रजया नव्हत्या, नशीब.

मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला. ते खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या कडव्यात गायक शब्द विसरला, "अरे थांब थांब" म्हणाला आणि चौघं हसले. मीही हसलो.

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"त्या वेळी मी नऊच्या नऊ रात्री भांडलो होतो," ते म्हणाले, "माझ्या झांजा वाढवा म्हणून." घसा साफ केला. "त्या जरा कमी करता येतील का?"