मोतिया फिल्मच्या पोटातली हवा

आइस्क्रीमच्या काडीवरचं वेष्टन किंवा बाटलीला गुंडाळलेलं पांढरं लेबल हळूच फाडा आणि फाटलेली कड भिंगाखाली धरा. कागदासारखे पापुद्रे सुटलेले दिसतील. ही दोन्ही दिशांना ओढलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म, म्हणजे बीओपीपीच. फक्त तिच्या मधल्या थरात लाखो चपट्या पोकळ्या आहेत. तिचा पांढरेपणा मुख्यतः या पोकळ्यांचा असतो. पॉलिप्रॉपिलीनचा अपवर्तनांक 1.49 आणि हवेचा 1. प्रकाश प्रत्येक पोकळीच्या दोन्ही बाजूंवर आपटून विखुरतो आणि आरपार जाणारा उजेड अडतो.

फिल्म पुरेशी पांढरी निघेनाशी झाली की पहिला हात मास्टरबॅचच्या (म्हणजे खनिज पावडर दाटून भरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांच्या) फीडरकडे जातो. तो आवरावा. पावडर हे पोकळीचं बीज आहे. पोकळी तयार होते ती ओढताना, आणि ओढ बरोबर नसेल तर दुप्पट पावडर घालूनही हाती जड, ठिसूळ फिल्मच येते.

बीज म्हणून बहुतेक ठिकाणी कॅल्शियम कार्बोनेट वापरतात. कणांचा सरासरी आकार 1.5 ते 3 मायक्रॉन, वर स्टिअरिक आम्लाचा लेप. लेपामुळे कण वितळलेल्या प्लास्टिकमध्ये नीट पसरतात आणि तरीही प्लास्टिकला घट्ट चिकटत नाहीत. आपल्याला नेमकं हेच हवं असतं, कारण ओढ बसली की प्लास्टिकने कणाला सोडलं पाहिजे. 70 टक्के भरणीचा मास्टरबॅच मधल्या थरात 11 ते 12 टक्के घातला की कार्बोनेट सुमारे 8 टक्के पडतं. 10 मायक्रॉनच्या वरचे कण किंवा गुठळ्या मात्र चालत नाहीत. 30 मायक्रॉनच्या फिल्ममध्ये असा एक गोळा म्हणजे जाडीचा तिसरा हिस्सा, आणि टेंटरमधली (फिल्म रुंदीला ओढणाऱ्या ओव्हनमधली) फाट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

मास्टरबॅच 80 अंशांवर दोन-तीन तास वाळवावा. ओलावा राहिला तर डायमधून, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक शीट होऊन निघतं त्या फटीतून, बाहेर पडताना वाफेचे फुगे होतात आणि डायच्या ओठांवर पांढरी साय साचते. ती सुटून शीटवर पडली की भोक. हे फुगे म्हणजे आपल्या पोकळ्या नव्हेत, हा फरक नवख्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

टायटॅनियम डायऑक्साइड घातलं नाही तर फिल्मला मोत्यासारखी झाक येते. दाट पांढरी हवी असेल तर ते घालायचं, पण शक्यतो पाच थरांच्या लाइनवर बाहेरच्या थराच्या लगेच आतल्या थरात. अगदी बाहेर घातलं तर ते रोलर आणि पॅकिंग मशीनच्या पात्यांवर घासत राहतं.

आता मुख्य जागा: लांबीच्या दिशेची ओढ. चिल रोलवरून (शीट थिजवणाऱ्या थंड रोलरवरून) येणारी शीट जेमतेम 1 मिमी जाड असते, दुधाळ दिसते, पण उजेड आरपार जातो. गरम रोलरांवरून ती संथ रोलरवर येते आणि पुढचा वेगवान रोलर तिला साडेचार-पाच पट ओढतो. त्या काही सेंटिमीटरच्या फटीत शीट डोळ्यांदेखत पांढरी होते. प्रत्येक कणाच्या पुढेमागे प्लास्टिक सुटतं आणि लांबट फट उघडते. इथे उभं राहून पाहिल्यावर जे कळतं ते पॅनलवर कळत नाही: शीट या फटीतून बाहेर येताना पांढरी झाली नसेल तर पुढचा ओव्हन ती कसर पुरेशी भरून काढत नाही.

साध्या पारदर्शक फिल्मपेक्षा इथलं तापमान 5 ते 10 अंश कमी ठेवावं, साधारण 105 ते 120 अंशांच्या पट्ट्यात. जास्त गरम झालं तर मऊ प्लास्टिक कणाभोवती वाहत जातं, सुटतच नाही. फार थंड ठेवलं तर पोकळ्या मोठ्या होतात, एकमेकींना मिळतात आणि टेंटरमध्ये कडा धरणाऱ्या क्लिपेजवळ फिल्म उभी चिरते. बदल एका वेळी 2 अंशांचा करावा आणि रोलर स्थिरावल्यावरच नमुना घ्यावा.

टेंटरमध्ये 8 ते 9 पट रुंदीची ओढ बसते आणि लांबट फटी चपट्या चकत्या होतात. ओव्हन फार गरम असेल तर चकत्या मिटतात आणि घनता वर सरकते. याहून जास्त कुरबुर टेंटर सहसा करत नाही.

खरी फसगत मोजमापात होते. लाइनवरचा बीटा किरणांचा गेज जाडी मोजत नाही, चौरस मीटरमागचं वजन मोजतो आणि त्याला दिलेल्या घनतेने भागून जाडी दाखवतो. पोकळ्या कमी झाल्या, वजन तेच राहिलं, तर पडद्यावर 30 मायक्रॉनच दिसतात आणि प्रत्यक्षात फिल्म 26 ची असते. म्हणून दर रोलला हाताने घनता काढावी. 10 सेंमी बाजूचे दहा चौकोन कापून एकत्र तोलायचे, समजा 2.1 ग्रॅम भरले. म्हणजे चौरस मीटरला 21 ग्रॅम. दहाही तुकडे एकावर एक ठेवून सपाट पायाच्या, हलक्या दाबाच्या मायक्रोमीटरने जाडी घ्यायची आणि दहाने भागायचं. टोकदार पायाचा मायक्रोमीटर पोकळ्या दाबतो आणि घनता उगाच जास्त दाखवतो. जाडी 30 मायक्रॉन आली तर 21 भागिले 30, घनता 0.70 ग्रॅम प्रति घन सेंमी.

आता त्यात हवा किती? ही तुलना 0.905 शी करू नका, ती शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता. 8 टक्के कार्बोनेट घातलेलं भरीव मिश्रण 0.956 भरतं. म्हणजे बाहेरचे पातळ थर सोडून दिले तर फिल्ममध्ये सुमारे 27 टक्के हवा आहे. एक किलोत 47.6 चौरस मीटर मिळतात. तेवढ्याच जाडीची साधी फिल्म जेमतेम 37 देते.

घनता आणखी खाली नेण्याचा मोह होतो. त्याआधी चिकटपट्टी लावून झटक्यात ओढून पाहा. पट्टीवर पांढरा पापुद्रा आला तर मधला थर आतूनच दुभंगतोय. अशा फिल्मचं सील उघडलं तर जोड सुटत नाही, फिल्मच आतून फाटते. त्यामुळे सीलचा थर जाड करून काही साधत नाही. घनता थोडी वर घ्यावी किंवा कण बारीक घ्यावेत.

रोल गुंडाळताना ताण आणि दाबरोलर दोन्ही साध्या फिल्मपेक्षा हलके ठेवावेत. घट्ट रोलमध्ये कोरजवळच्या थरांतल्या पोकळ्या चेपतात, आणि शेवटचे काही शे मीटर ग्राहकाच्या मशीनवर पातळ, कमी पांढरे निघतात. कडेची ट्रिम वितळवून पुन्हा वापरता येते, पण फक्त पांढऱ्या फिल्मच्याच मधल्या थरात. तिच्यातलं कार्बोनेट हिशोबात धरून मास्टरबॅच तेवढा कमी करायचा.