अरोबाचा रोमाना काटा: दांडी झाली, आता खुणा

रोमाना म्हणजे एका लांब दांडीचा स्पॅनिश तराजू. आखूड बाजूच्या आकड्याला (हुकाला) माल, लांब बाजूच्या खाचांवर सरकता गोळा. अरोबा आणि लिब्रा ही वजनाची जुनी मापे. प्रतिकृतीसाठी कास्तिलियन (स्पेनमधला) अरोबा धरला आहे: २५ लिब्रा, ११.५०२ किलो. जुना पोर्तुगीज अरोबा १४.६८८ किलोचा, ब्राझीलचा गुरांचा बाजार आणि पोर्तुगालचे बुचाचे सौदे आज तो सरळ १५ किलो मानतात. (ब्राझीलमधला अरोबा सोललेल्या धडाचा, जिवंत बैलाचा नव्हे. इथे बरेच जण फसतात.)

दांडी २५ × ६ मि.मी. लोखंडी पट्टीची, ७५० मि.मी. लांब. टेकूची धार ते आकड्याची धार ४० मि.मी., गोळा कडीसकट १.८४० किलो. मग लिब्रामागे खाच १० मि.मी. पुढे जाते. ४० मध्ये ०.१ मि.मी. चुकले तर अरोबामागे २९ ग्रॅमचा फरक. म्हणून टेकू आणि आकड्याची भोके आधी पाडा, अंतर मोजा, आणि गोळा त्याप्रमाणे करा: ४०.३ भरले तर गोळा १.८५४ किलोचा. शिसे थोडे जास्त ओतून कानशीने उतरवणे सोपे. भोक सरकवता येत नाही.

शून्याची खूण शोधत बसू नका. पट्टीच जवळजवळ ९०० ग्रॅमची, त्यामुळे रिकामी दांडी लांब बाजूला झुकते आणि शून्य दांडीवर येतच नाही. ११.५०२ किलो टांगून अरोबाची खाच पाडा आणि तिथून दोन्हीकडे १०-१० मि.मी. मोजा. १५ किलोची खूण ७६ मि.मी. पुढे येते. टांगायला पाणी वापरलेत तर ते लिटरने मोजू नका: ३०° सेल्सिअसला साडेअकरा लिटर पाणी ५० ग्रॅम कमी भरते.

तपासताना चूक सगळीकडे सारखी असेल तर पहिली खाच सरकली आहे. वजनाबरोबर बदलत असेल तर गोळा किंवा ४० मि.मी. तपासा. दांडी एकदम उलटत असेल तर टेकू आकडा आणि खाचा यांच्या रेषेखाली गेला आहे. आळशी असेल तर फार वर.

अरोबा कुठे उरलाय ते स्पेनच्या २०१४ च्या इबेरियन डुकरांच्या नियमांत पाहा. ओकफळांवर चरायला सोडताना कळपाचे सरासरी वजन ९२ ते ११५ किलो, वाढ किमान ४६ किलो. आकडे किलोत आहेत, पण ११.५ ने भागा: ८, १० आणि ४ अरोबा.

पुढचे काम हलक्या वजनांच्या बाजूचे: दांडी उलटवून ८० मि.मी.वर दुसरा टेकू. तिथे लिब्रा २० मि.मी.चा होईल, आणि अरोबाची खाच पुन्हा वजन टांगूनच पाडावी लागेल.