अल्टरनेटर बदलण्याआधी मीटर लावा

आज दिवसभर जुन्या गाड्यांची चार्जिंगचीच कामं, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. बहुतेक जण आधीच ऐकून आलेले, ‘अल्टरनेटर गेलाय, बदलावा लागेल.’ कशावरून? तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो म्हणून! तो दिवा फक्त चार्जिंगमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो, कुठला पार्ट गेलाय ते नाही.

बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. गाडी रात्रभर बंद असेल तर चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 यायला हवेत. नाही आले तर आधी बेल्ट ढिला आहे का बघा. मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीवर. 0.2 व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर त्यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा ढिली झालीय. तसंच पॉझिटिव्ह टर्मिनल ते अल्टरनेटरचा जाड वायरीचा बोल्ट असाही फरक मोजा. जुन्या गाडीत हिरवी बुरशी धरलेलं टर्मिनल घासून अनेकदा काम भागतं, नाहीतर अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर एवढंच बदलून तरी. (अर्थात मीटर लावायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात गॅरेजवाल्याला पार्ट विकल्यासारखं मार्जिन नसतं.)

तपासणीचे पैसे मागितले तर खुशाल द्या, ते रास्त आहे. पण रीडिंग स्वतः बघा, एस्टिमेटमध्ये पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या, आणि जुना पार्ट परत मिळेल ना, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारा.