रंगपंचमीची आदली रात्र

उद्या इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून सगळं गोत दर वर्षीसारखं दुपारी आमच्याकडे जेवायला. पंचवीस-तीस पानं तरी होतील. म्हणून धुळवडीलाच कांजी घातली. उकळून गार केलेलं पाणी, मोहरीची पूड, हिंग, हळद, मीठ. बरणीला दादरा बांधून तीन दिवस गच्चीवर उन्हात. आज दादरा सोडला आणि तो आंबट झणका थेट नाकात गेला. जमली!

मुगाचे वडे तळून, पाण्यात भिजवून, हलकेच दाबून ठेवलेत. सकाळी कांजीत सोडीन.

करंज्या काल झाल्या. (तूप-पिठाचा साटा फेसायला घाई करू नये, पापुद्रे त्यावरच.) मुरड दर वर्षी सासूबाई घालतात. यंदा त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी कड कापायचं कातणं पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, करंजी तळहातावर घेतली आणि कड बोटांनी चाचपत एकेक मुरड घातली. साठ करंज्या. तळताना एकही सुटली नाही. मी कढईपाशी उभी होते, डोळे भरून आले.

ठंडाईचं वाटण फ्रिजमध्ये आहे. विरजण आत्ता लावलं.