आईची गाठ आणि श्वान

आईचं पोट दुखत होतं म्हणून दादरला सोनोग्राफी केली, मग सीटी, आणि रिपोर्टमध्ये पॅन्क्रियासला (स्वादुपिंडाला) गाठ वाचल्यावर घरात कोणाला घास गिळेना. अर्धी भरीव, अर्धी पाण्याची, म्हणजे काहीही असू शकतं. मग परळला एंडोस्कोपीतून सुई घालून तुकडा घेतला आणि रिपोर्ट येईपर्यंत मी लोकलमध्ये उभ्याउभ्या गूगल करायचो (करू नका हो, झोप उडते).

निघालं श्वानोमा! नसेच्या (रक्ताची नव्हे, नर्व्हच्या) आवरणातल्या श्वान पेशींची साधी गाठ, कॅन्सर नाही. पेशी लांबट आणि एस-१०० (एक प्रथिन) पॉझिटिव्ह, त्यावरून ओळखतात. स्वादुपिंडात फारच क्वचित होते म्हणे.

आई म्हणते, "श्वान म्हणजे कुत्रा ना रे?" अगं, थिओडोर श्वान, जर्मन शास्त्रज्ञ!