कॅमेरा उघडला आणि खटला उभा राहिला

कोरोनात विमानतळावर लांबूनच ताप ओळखणारे कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या सेन्सरचा धंदा ज्या काही गावांत फोफावला, त्यातलं एक म्हणजे कॅलिफोर्नियातलं गोलिटा, सांता बार्बराला अगदी खेटून. मी सध्या इथेच राहते. ह्यूज कंपनीच्या सांता बार्बरा रिसर्च सेंटरने इथे इन्फ्रारेडची, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण टिपण्याची, विद्या रुजवली, आणि पुढे इथली माणसं एका कंपनीतून उठून दुसरी काढत राहिली.

या सेन्सरचं नाव मायक्रोबोलोमीटर. मूळ काम हनीवेल कंपनीचं, मिनेसोटात, लष्कराच्या पैशातून, आणि १९९२ पर्यंत गोपनीय. आजचा एकेक पिक्सेल १२-१७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). व्हॅनेडियम ऑक्साइडचा थर दिलेला एक इवलासा पाट, बारीक पायांवर चिपपासून दोन-अडीच मायक्रॉन उचलून धरलेला, भोवती निर्वात पोकळी. उष्णता पडली की त्याचा विद्युत रोध बदलतो. पाय जितके बारीक, तितकी उष्णता चिपमध्ये कमी झिरपते.

पेटंटमधली भांडणं असल्याच बारकाव्यांवरून होतात. प्रत्येक क्लेम, म्हणजे पेटंटातला हक्काचा दावा, हे दम लागेल एवढं लांब एकच वाक्य, आणि त्यातली एक अट जरी समोरच्याच्या मालात पूर्ण होत नसली तरी वकिलाला पाय रोवायला जागा मिळते.

इथला गाजलेला खटला संरक्षण क्षेत्रातली बडी कंपनी रेथिऑन आणि इंडिगो यांचा. रेथिऑनच्या अँबर विभागातून बाहेर पडलेल्यांनी १९९६ मध्ये इंडिगो काढली. २००४ मध्ये ती थर्मल कॅमेरे बनवणाऱ्या फ्लिर कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी रेथिऑनने इंडिगोचा कॅमेरा आणून चक्क उघडला, आणि २००७ मध्ये टेक्सासच्या कोर्टात पेटंट-उल्लंघन आणि व्यापारी गुपितं पळवल्याचा दावा ठोकला. गुपितांच्या बाबतीत खरा वाद वेगळाच निघाला: रेथिऑनला हे कळायला हवं होतं कधी? आधी कळायला हवं होतं असं ठरलं, तर दावा लावायची मुदत संपलेली. खालच्या कोर्टाने तसंच म्हटलं, २०१२ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने ते फिरवलं, आणि २०१४ मध्ये ज्युरीने कौल दिला तो फ्लिरच्या बाजूने. सात वर्षं! तोवर कॅमेऱ्यांच्या किती पिढ्या येऊन गेल्या असतील.

मजा म्हणजे फ्लिरनेही २००६ मध्ये हाच खेळ केला. इंडिगोतले दोन जुने अधिकारी स्वतःचा धंदा काढायला निघाले, तर गुपितं उघड होणारच या गृहीतकावर त्यांच्यावर दावा. कॅलिफोर्नियात हा युक्तिवाद चालत नाही. २००९ मध्ये अपील कोर्टाने दाव्यामागचा हेतूच प्रामाणिक नव्हता हे मान्य केलं आणि वकिलांच्या फीचे सुमारे १६ लाख ४० हजार डॉलर फ्लिरलाच भरायला लावले. मला हा निकाल मनापासून आवडतो.

प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नका, असं करारात लिहून घेतलं तरी इथल्या कायद्यापुढे ते सहसा टिकत नाही. म्हणूनच गोलिटात एवढ्या कंपन्या निघाल्या, असं मला वाटतं. आम्हा एच-वन-बी व्हिसावाल्यांचं, म्हणजे परदेशातून नोकरीसाठी आलेल्यांचं, मात्र निराळं. नव्या मालकाने अर्ज भरल्याशिवाय पाऊल हलत नाही, आणि लष्करी निर्यात-नियंत्रणाखालचं काम असलं की नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्याला प्रयोगशाळेचं दारही सहसा उघडत नाही. त्याच सेन्सरची पेटंटं तेवढी आकृत्यांसकट साऱ्या जगाला फुकट वाचायला ठेवलेली आहेत. मी ती वाचते.